मंगळवारची भाऊबीज

दुकानदारानं चिंधी थिनरमध्ये बुडवून काच घासायला घेतली तेव्हा मी समोरच्या भिंतीवर ओळीनं मांडलेल्या रंगीत टीव्हींकडं बघत होतो. अकरा टीव्ही होते आणि अकरांवर एकच बाई एकाच वेळी तीच साडी झटकत होती. धनतेरसची दुपार होती. बालाघाटच्या मेन रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि दुकानाच्या दारावर झेंडूच्या माळेखाली कापडी फलक लागला होता, पुराना लाओ, नया ले जाओ. आमचा पुराना काउंटरवर उताणा पडल्यासारखा दिसत होता. त्याच्या लाकडी खोक्याची दोन्ही सरकती दारं दुकानदारानं बाजूला सारली होती. "भैया, ये काँच पे क्या लगा है? पेंट है क्या?" त्यानं विचारलं. मी वळून पाहिलं. काचेच्या मध्याच्या जरा वर, किंचित डावीकडं, अंगठ्याएवढा डाग होता. "कुंकू है," मी म्हणालो. "टीवी को?" "हाँ." "पूजा में रखते थे?" त्यालाही हो म्हणणं सोपं होतं, म्हणून मी हो म्हणालो. "अच्छा है. हम लोग तिजोरी को लगाते हैं," तो म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला. आधी लाल निघालं. त्याखालून तपकिरी निघालं. त्याच्याही खालचं जवळजवळ काळं होतं, ते निघेना, तेव्हा त्यानं नखानं खरवडलं. मला वाटलं होतं की आता काहीतरी होईल, छातीत किंवा घशात, जिथं माणसांना होतं तिथं. काही झालं नाही. थिनरचा वास तेवढा नाकात गेला. मी सही केली आणि नव्या टीव्हीचं खोकं रिक्षात ठेवून घरी आलो.

त्यानं काचेवरून खरवडली ती सोळा वर्षांची भाऊबीज होती. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. माझी आई गोदाबाई टीव्हीला ओवाळायची. म्हणजे टीव्हीला नाही, टीव्हीतल्या एका माणसाला. त्याचं नाव देवव्रत सूद, पण ते नाव आम्हाला फार नंतर कळलं, कारण सुरुवातीच्या नावांच्या वेळी आई नेहमी चुलीवरचं काहीतरी उतरवायला गेलेली असायची आणि मला इंग्रजी अक्षरं लावून वाचायला वेळ लागायचा. आमच्यासाठी तो बिशनबाबू होता. 'नीमखेडी हॉल्ट' नावाची मालिका दर मंगळवारी संध्याकाळी लागायची आणि त्यात तो एका एवढ्याशा स्टेशनाचा मास्तर होता. पांढरा कोट, कोपराशी जरा मळका. डोक्याला तिरपी टोपी, हातात गुंडाळलेली झेंडी. नायक असा तो नव्हताच. नायक म्हणजे गावातला कुणी तरुण होता, त्याचा चेहरा आज डोळे मिटून आठवायला गेलो तर आठवत नाही. बिशनबाबूची मात्र भुवई आठवते. उजवी भुवई मधोमध तुटलेली होती, तिथं लहानपणी काहीतरी लागलं असावं. त्या तुटलेल्या भुवईच्या वर बोटभर जागा सोडून आई टिळा लावायची.

मी नऊ वर्षांचा होतो तेव्हाचा पहिला भाग मला अजून जसाच्या तसा दिसतो. खरं सांगायचं तर बाबा गेले तो दिवससुद्धा मला इतका स्पष्ट दिसत नाही. आई खाली बसून सुपात तांदूळ पाखडत होती, बाबा लोडाला टेकले होते. बाबांचं नाव प्रेमलाल, जंगलखात्याच्या डेपोत बाबू होते, आता त्यांच्या जागी त्यांच्याच खुर्चीवर मी बसतो. टीव्हीत गाडी सुटायच्या बेतात होती. लांबून एक बाई पोर कडेवर घेऊन शेतातनं पळत येत होती, तिचा बाप गेला होता, तिला तोंड बघायला जायचं होतं. गार्ड शिट्टी मारत होता. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडत होता. बिशनबाबूनं झेंडी वर केली नाही. ती काखेत धरली आणि खिशातून तंबाखूची डबी काढून सावकाश मळत उभा राहिला. "गाड़ी रुकेगी," एवढंच म्हणाला. बाई डब्यात चढेपर्यंत तो तंबाखू मळत राहिला. आईचं सूप थांबलं होतं. तांदळाचे दाणे तिच्या मांडीवर सांडले होते आणि तिला त्याचं भान नव्हतं. "याले म्हणतेत भाऊ," ती म्हणाली. बाबांनी तिच्याकडं पाहिलं आणि काही बोलले नाहीत. बाबा सहसा अशा वेळी काहीतरी चावट बोलायचे. ते गप्प राहिले हे मला त्या वयातही लक्षात आलं, पण मुलाला गप्प बसण्याचा अर्थ लावता येत नाही. त्याला फक्त शांतता ऐकू येते, टीव्हीचा आवाज जास्त मोठा वाटतो.

त्या दिवाळीला भाऊबीज शुक्रवारी होती. बिशनबाबू मंगळवारी यायचा. आईनं ठरवून टाकलं की आमची भाऊबीज मंगळवारी. "भाऊ नोकरीवाला हाये. सुट्टी भेटन तवा येईन," ती म्हणाली. बाबांनी पंचांग दाखवलं तर म्हणाली, "पंचांग पाटलाच्या घरचं. माह्या घरचं मंगळवारचं." तेव्हापासून गल्लीत सगळ्यांच्या भाऊबिजा होऊन गेल्या, पाट धुऊन ठेवले, की मग आमच्याकडं तबक निघायचं. निरांजन, सुपारी, अक्षता, एक करंजी. टीव्ही पाच मिनिटं आधीच लावून ठेवायचा, कारण त्याला तापायला वेळ लागायचा. आधी आवाज यायचा, मग काचेच्या मध्यावर एक पांढरा ठिपका, मग ठिपका पसरत पसरत चित्र. आई पदरानं काच पुसायची. आधी पुसायची, मग ओवाळायची, हा क्रम कधी चुकला नाही. बिशनबाबू पडद्यावर आला की लगबगीनं पुढं व्हायची, कारण तो केव्हा निघून जाईल याचा नेम नसे. कधी टिळा टेकवेपर्यंत चित्र बदलायचं आणि तो टिळा एखाद्या बैलाच्या पाठीवर किंवा खलनायकाच्या गालावर जायचा. बाबा हसून लोळायचे. "गोदे, आज तुनं बैलाले भाऊ केला." "बरा हाये बैल. बोलत तं नाई तुमच्यासारखा."

आणि ठिणगी. काचेला बोट लागलं की चर्र असा बारीक आवाज व्हायचा, बोटाला झटका बसायचा, आणि हातावरचे केस काचेकडं ओढल्यासारखे उभे राहायचे. पहिल्या वेळी आई दचकून मागं सरली होती. मग स्वतःशीच हसली. "ओवाळणी टाकली वो त्यानं," ती शेजारच्या तुळसाबाईंना म्हणाली. तुळसाबाई दारातून बघत होत्या. "गोदाबाई, चांद सोडून डब्ब्याले काहून ओवाळता वो तुम्ही?" "चांद काई देते का? हा तं देते." मग आई मला पुढं ढकलायची. "जाय, मामाच्या पाया पड." मी काचेजवळ तोंड न्यायचो. माझ्या गालावरची लव उभी राहायची. काचेला तापल्या धुळीचा वास होता. आजही मामा हा शब्द ऐकला की मला आधी तो वास येतो. चौथीत 'मेरे मामाजी' असा निबंध आला तेव्हा मी लिहिलं की माझे मामा स्टेशन मास्तर आहेत, ते कोट घालतात, गाडीपेक्षा माणूस मोठा मानतात आणि मंगळवारी येतात. मला दहापैकी आठ मिळाले. शेजारी बसणाऱ्या मुलाला खरे तीन मामा होते, त्याला पाच.

आई ओव्या म्हणायची. जातं केव्हाच मागच्या पडवीत उलटं पडलं होतं, पण तांदूळ निवडताना, भांडी घासताना तिच्या तोंडून दोन-दोन ओळी निघायच्या आणि तिला त्या निघाल्याचं कळायचं नाही. तिच्या आईच्या ओव्यांत भाऊ घोड्यावर बसून यायचा, शेल्याचा पदर उडवत, चोळी-बांगडी घेऊन. आईनं त्या ओव्यांचा भाऊ उतरवला आणि त्याला कोट घातला.

माह्या बंधवाचं घर, काचाचं बाई काचाचं
बोट लावू जाता, पाखरू उडे ठिणगीचं.

हे तिनं कुणाला म्हणून दाखवलं नाही. मी मोरीबाहेर दात घासत उभा होतो म्हणून ऐकलं.

मालिका दोन दिवाळ्या चालली. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात एका मंगळवारी बिशनबाबूची बदली झाली. तो गाडीत बसला, त्यानं स्वतःच हिरवी झेंडी हलवली, आणि त्याच्यासाठी कुणीच गाडी थांबवली नाही. पुढच्या मंगळवारी त्या वेळेला शेतीविषयी काहीतरी लागलं. यंदा तबक निघणार नाही असं मला वाटलं. पण देव म्हणा की दूरदर्शन म्हणा, कुणाला तरी दया आली असावी, कारण दिवाळीच्या आधीच तो दंतमंजनाच्या जाहिरातीत आला. तसाच कोट, तशीच भुवई, फक्त आता तो नातवाला मांडीवर घेऊन दात दाखवून हसायचा. सगळी जाहिरात एक पाणी पिऊन होईपर्यंत संपायची. ती केव्हा लागेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बातम्यांआधी, सिनेमाच्या मध्ये, कधी लागायचीच नाही. चार भाऊबिजा आम्ही त्या जाहिरातीवर काढल्या. आई तबक घेऊन टीव्हीसमोर उभी, निरांजनात दुसऱ्यांदा तेल घातलेलं, बाबा खाटेवरून लक्ष ठेवून, मी काचेला नाक लावून. "आला, आला, आई, आला." ती टिळा लावायची, एक फेरा ओवाळायची, दुसऱ्या फेऱ्याला साबणाची जाहिरात लागलेली असायची. "घाईत हाये," आई म्हणायची. "शहरात कामं राह्यतेत लोकाईले." मग जाहिरातही बंद झाली. तरी मंगळवारी तबक निघालंच. आईनं टीव्ही लावला नाही. बंद काचेत तिचं स्वतःचंच तोंड दिसत होतं, निरांजनाच्या उजेडात, जरा लांबट. तिनं काच पुसली आणि सवयीच्या जागी टिळा लावला. काचेतल्या बाईच्या कपाळावर तो बरोबर बसला. बंद काच झटका देत नाही. तरी आई बोट थोडा वेळ तिथंच ठेवून उभी राहिली. पुढची दहा वर्षं असंच.

मला मामा आहे, हाडामांसाचा, लामत्याला राहतो, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. बाबांची तेरवी होती. फाटकाबाहेर एक उंच, काळा माणूस खांद्यावर दुपट्टा टाकून उभा होता, आत येत नव्हता. आईनं त्याच्याकडं पाहिलं आणि पाठ वळवून घरात गेली. बराच वेळ उभा राहून तो गेला. तुळसाबाईंनी पत्रावळीवर भात वाढता वाढता सांगितलं, "तुया मामा होये तो. महागू." मी त्याच्या पाठीकडं पाहिलं. मला एवढंच वाटलं की हा मामासारखा दिसत नाही. मग तुळसाबाईंनी बाकीचंही सांगितलं. मी पोटात असताना आईचे वडील गेले. आईला निरोप पोचला, ती छोट्या लाइनच्या गाडीत बसली. बालाघाट ते लामता, अंतर ते केवढंसं. वाटेत वादळानं रुळावर झाड पडलं होतं. गाडी जंगलात तीन तास उभी राहिली. आई स्टेशनवरून सात महिन्यांचं पोट घेऊन चालत घरी पोचली तेव्हा मसणात राख सावडायची भाषा चालली होती. आग महागूमामानं दिली होती. "माह्यासाठी थांबला नाई," आई एकदाच म्हणाली आणि आल्या पावली परतली. मग मला भाऊ नाही, असं तिनं गल्लीत सांगून टाकलं, आणि गल्लीनं ते मान्य केलं. मला ते ऐकताना पहिला भाग दिसत होता. शेतातनं पळणारी बाई, काखेतली झेंडी, मांडीवर सांडलेले तांदूळ. सगळं जागच्या जागी बसलं आणि मला तरीही काही वाटलं नाही. एखादी मालिका पूर्वी पाहिलेली असली की तिचा पुनःप्रसारणाचा भाग आपण जसा बघतो तसं मी ते ऐकलं. हे केव्हापासून असं झालं मला सांगता येत नाही. माझ्या बाबतीत घडणाऱ्या गोष्टी काचेपलीकडं घडतात आणि पुढचा कार्यक्रम लागेपर्यंत मी बसून राहतो.

या वर्षी चैत्रात डेपोत पोह्याच्या पुडीखाली अंथरलेल्या हिंदी पेपरात मी चार ओळींची बातमी वाचली. छोट्या पडद्याचा जुना अभिनेता देवव्रत सूद, मुंबईत, दीर्घ आजारानंतर. फोटो नव्हता. 'नीमखेडी हॉल्ट'चं नाव चुकवून छापलं होतं. पोह्याचं तेल लागून कागद पारदर्शक झाला होता आणि पलीकडच्या निविदा सूचनेतली अक्षरं उलटी दिसत होती. मी तेवढा तुकडा फाडून टेबलाच्या खणात ठेवला. संध्याकाळी घरी गेलो. आईनं विचारलं, "काहून रे, तोंड उतरलं?" मी म्हणालो, ऊन. बस. मला सांगायचं नव्हतं असं नाही. सांगितलं असतं तर तो गेला असता. न सांगता तो कुठंतरी नातवाला मांडीवर घेऊन दात दाखवत होता.

धनतेरसच्या आदल्या दिवशी एक माणूस डेपोत माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. माझ्याच वयाचा. ट्रक नंबर लिहून घ्यायला आला असेल म्हणून मी रजिस्टर ओढलं. "वीरेंद्रदादा ना? मी मोतीलाल. लामत्याचा. महागू माहे बाबा." मी त्याला बसा म्हणालो. तो बसला नाही. "बाबाले इथंच जिल्हा अस्पतालात आणलं, आठ दिवस झाले. फुप्फुसात पाणी हाये. डॉक्टर काई पक्कं बोलत नाई. रोज इचारतेत, गोदी आली का म्हणून. भाऊबीज हाये ना मंगळवारी. आत्याले सांगजा दादा." मग तो म्हणाला, "बाबा थांबलेते त्या दिवशी. उन्हाळा होता, लोकं आयकत नव्हते. बाबानं तिरडी अंगणातून उचलू देल्ली नाई चार वाजेपर्यंत. मले आजीनं सांगितलं. बाबा सोता कवा बोलले नाई." मी हौ म्हणालो. त्यानं चिठ्ठीवर वॉर्ड लिहून दिला, पलंग नंबर सतरा. तो गेल्यावर मी चिठ्ठीची घडी केली आणि खण उघडून त्या तेलकट कागदाशेजारी ठेवली. भाऊबीज मंगळवारी आहे, हे त्यानं सांगेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सोळा वर्षांत यंदा पहिल्यांदा पंचांगातली आणि आमची भाऊबीज एका दिवशी आली असावी.

त्या संध्याकाळी मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी टीव्हीची अदलाबदल होती. खुशीनं, माझ्या बायकोनं, ते महिनाभर आधी ठरवलं होतं. आईला विचारलं तेव्हा आई म्हणाली, "घेऊन जाय. चालू तं होतच नाई तो." टीव्ही उचलताना ती मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होती. तांब्या रिकामा झाला तरी ओतत होती. त्यानंतर मी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सांगणार होतो, पण सणाच्या दिवशी नको म्हणून ठेवलं. पाडव्याला खुशीचा भाऊ किरनापूरहून आला, त्याच्यासमोर नको म्हणून ठेवलं. दरवेळी कारण बरोबर असायचं. संध्याकाळी मी सायकल काढून अस्पतालाच्या फाटकापर्यंत जायचो. आत रोग्यांचे नातेवाईक झाडाखाली स्वयंपाक करत असायचे. धुराकडं बघून मी परत यायचो. मी जर आत गेलो आणि पलंग रिकामा असला तर मला सांगायचं काही उरणार नव्हतं, आणि खरं सांगतो, त्या विचारानं मला हलकं वाटायचं. हे लिहितानाही मला लाज वाटायला पाहिजे. मी तिची वाट बघतो आहे.

मंगळवारी सकाळी आंघोळ करून आईनं तबक काढलं. नवा टीव्ही चालू होता, खुशी आवाज कमी-जास्त करून बघत होती, पडद्यावर हिरव्यागार डोंगरात कुणी नाचत होतं. आई तबक घेऊन येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. सपाट, काळ्या चौकटीची ती काच तिनं नीट पाहिली. पदर हातात घेतला आणि पुसायला गेली नाही. "याची काच बसकी हाये," ती म्हणाली. मग, "तो डब्बा कोठी ठेवला रे त्यानं?" "दुकानात." "काच पुसली असंन त्यानं." "हौ." आईनं मान हलवली. "माजी, इसी को लगा दो ना," खुशी म्हणाली, "नया है, शुभ होता है." आई हसली. "याच्यात माहा कोणी नाई राह्यत, बाई."

तेव्हा मी बोललो. मी ठरवलं नव्हतं. माझाच आवाज मला टीव्हीतून आल्यासारखा ऐकू आला. "आई, मामा अस्पतालात हाये."

निरांजनाची ज्योत हलली. आईनं माझ्याकडं पाहिलं.

"कोणता?"

मला वाटलं होतं ती विचारेल केव्हापासून, किंवा तबक खाली ठेवेल, किंवा आत निघून जाईल. मी म्हणालो, "लामत्याचा."

"आन तो?"

खुशीनं टीव्हीचा आवाज बंद केला. "तो गेला," मी म्हणालो. "चैतात. पेपरात होतं."

"तुले ठाऊक होतं."

"हौ."

"आन महागूचं?"

"धनतेरसच्या आदल्या दिवशी मोतीलाल आलता. रोज इचारतेत म्हणे, गोदी आली का. आन चार वाजेपर्यंत तिरडी उचलू देल्ली नव्हती त्याईनं. तुयासाठी."

आई बोटावर काहीतरी मोजत राहिली, दिवस असावेत, किंवा तास. मग तिनं ज्योतीभोवती तळहाताचा आडोसा केला. "तवा झाड आडवं पडलंतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "यावेळी तू." आणि चपला न घालता दाराकडं निघाली. "रिक्षा बोलाव. दिवा इझू नको देजो."

रिक्षात मी दोन्ही हातांनी तबक धरून बसलो होतो. हनुमान चौकात फटाक्यांचा कचरा साचला होता, शाळेची पोरं त्यातून न फुटलेले वेचत होती. वारा लागून दिवा विझलाच. आईनं पाहिलं. काड्यापेटी तिच्या कमरेला होती. वॉर्डात शिरताना मी पलंगांचे नंबर वाचत गेलो. चौदा, पंधरा. सोळावा रिकामा होता आणि त्याची गादी उलटून ठेवली होती, तिथं माझे पाय थांबले. आई माझ्या बाजूनं पुढं गेली.

सतरावर तो होता. तोंडावर नळी, डोळे मिटलेले, छाती वर येताना दिसत होती आणि खाली जाताना दिसत नव्हती. मोतीलाल स्टुलावरून उठला. त्यानं वाकून आईच्या पायांना हात लावला, पाय अनवाणी होते. "बाबा," तो कानाशी वाकून म्हणाला, "आत्या आली." आईनं दिवा लावला. नर्स लांबून बघत होती, ऑक्सिजन आहे, इथं नको, असं काहीतरी म्हणाली, तेव्हा आईनं तो लगेच विझवून तबक माझ्या हातात दिलं. मग पदराचं टोक घेतलं आणि मामाचं कपाळ पुसलं. डावीकडून उजवीकडं, मग वरून खाली, कोपरेसुद्धा. जशी काच पुसायची तशीच. मला ते बघवलं नाही आणि मी बघत राहिलो. तिनं कुंकवात अंगठा बुडवला आणि भुवईच्या वर, बोटभर जागा सोडून, टेकवला.

अंगठा तिनं उचलला नाही. ती थांबली होती. मला ठाऊक होतं ती कशासाठी थांबली होती, आणि मीही कान देऊन उभा होतो, वॉर्डात खोकल्यांचे, भांड्यांचे, कुणाच्या तरी रेडिओचे आवाज होते, त्यांच्यामध्ये मी तो बारीक चर्र शोधत होतो. मामाचा हात पलंगावरून हलला. तो उशीखाली गेला, चाचपला, भाऊ ओवाळणीसाठी चाचपतो तसा, आणि तिथं काहीच नव्हतं म्हणून तसाच रिकामा बाहेर आला. हवेत जरा थांबून तो आईच्या मनगटावर पडला.

"राहू दे," आई म्हणाली. "भेटली मले."

तबक माझ्या हातात होतं. त्यातलं तेल कलून अक्षतांत गेलं होतं. मी खाली पाहिलं तर माझ्या हातांवरचे केस उभे राहिले होते, मनगटापासून कोपरापर्यंत, सगळे. काच कुठंच नव्हती. मी तबक एका हातावर तोलून दुसऱ्या हातानं केस बसवायला गेलो. ते बसेनात.